अय्येयोची साक्ष

३ फेब्रुवारी
पडेगावात सकाळी धुकं. गच्चीवरून दौलताबादचा किल्ला अर्धाच दिसला, खालचा भाग जणू पाण्यात. मी समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय, आणि कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात आठ वर्षं लिहितेय ते समुद्रापलीकडचं. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या इटलीच्या आफ्रिकेतल्या वसाहती कुणाच्या पदरात टाकायच्या, यावर जिंकलेल्या देशांनी घातलेला घोळ. प्रबंध मार्चअखेर गेला नाही तर नोंदणी रद्द.

५ फेब्रु.
वरच्या खोलीतला युसूफ चहाला आला. इथं इंजिनिअरिंग शिकतो. टेबलावरचा सोमालियाचा नकाशा बघून म्हणाला, "मॅडम, ये तो मेरा घर है." दोन वर्षं भाडेकरू आहे, मी कधी विचारलंच नाही. लाज वाटली.
मग त्यानं सांगितलं, १९४८ साली चार बड्या देशांचे साहेब मोगादिशूला आले होते, लोकांना कुणाचं राज्य हवं ते विचारायला. त्याची आजी तेव्हा लहान होती. अजून आहे! आजीला ते अय्येयो म्हणतात.

९ फेब्रु.
फोनवर अय्येयो. पांढरी ओढणी, मागं निळी भिंत. डोळे दाखवायला वैजापूरहून आलेले माझे वडील, आबा, माझ्या शेजारी. ती बोलायची, यु. हिंदीत सांगायचा.
त्या दिवशी तिच्या वडिलांनी धुतलेला सदरा घातला, रांगेत उभे राहिले. ती बोट धरून. साहेबानं विचारलं, कुणाचं राज्य हवं? वडील म्हणाले, "आमची विहीर खारी आहे. आधी ती बघा." दुभाषी हसला. साहेबानं काही लिहिलं नाही, पेनाला टोपण लावलं.
आबा म्हणाले, "इचार त्यांना, मंग राज्य कुणाचं आलं?"
ती म्हणाली, परत इटलीचंच. दहा वर्षं. स्वतःचं राज्य चालवायला तुम्हाला तयार करू म्हणाले.
आबा फोनजवळ सरकले. मग, "आमाला तर कुणी इचाराया बी आलं नाय. निजाम गेला, एवढंच कळलं."
यु.नं ते तिला सांगितलं. ती खूप हसली. मग दोघं नुसती एकमेकांकडं बघत राहिली. मधे केवढं पाणी, आणि…

१७ फेब्रु.
सुट्टी टाकून लिहिलं. दुपारभर तरंगत असल्यासारखं. माझ्याकडच्या सरकारी कागदांत केळीच्या बागा आहेत, बंदरं आहेत, विकासाच्या योजना आहेत. विहीर कुठंच नाही. पाचव्या प्रकरणात ती मी घातली. पानभर.

२६ फेब्रु.
मार्गदर्शक सर म्हणाले, "एका म्हातारीची आठवण, तीही फोनवर. हा पुरावा नव्हे. पान काढा, लगेच सही करतो."
"सर, साहेबांचे कागद तरी काय? त्यांना जे लिहावंसं वाटलं तेच ना?"
चष्मा पुसत राहिले. "बाई, नोंदणीचं बघा आधी." मनानं वाईट नाहीत. माझ्या काळजीनंच म्हणाले.

४ मार्च
यु.ला गावाकडं नोकरी लागतेय, परदेशी कंपनी बंदर वाढवतेय तिथं. घरी सगळे खूश, अय्येयो सोडून. ती एकच विचारते, "बंदर कुणासाठी?"
"मॅडम, जाऊं क्या?"
परदेशी भांडवल आणि विकास, दर वर्षी वर्गात शिकवते. आज मी उठून चहा टाकला.

१२ मार्च
पान काढून पाहिलं. प्रकरण गुळगुळीत झालं, कुठं अडेना. दोन तास तसंच ठेवलं. मग आबांचा फोन. "त्या बाई बऱ्या हायेत ना गं?"
व्हय, म्हटलं. पान परत घातलं.

१९ मार्च
प्रत सरांकडं दिली, पानासकट. तळटीपेत स्पष्ट लिहिलंय: साक्षीदार तेव्हा लहान, कागदाचा आधार नाही. सरांनी तेच पान आधी उघडलं. "ठेवून जा. वाचतो." सही नाही.
बाहेर कडुनिंबाखाली बसले. लेण्यांकडचा डोंगर उन्हात हलल्यासारखा दिसत होता. डोळे मिटले तर तो धुतलेला सदरा, ती रांग. आणि एकदम लक्षात आलं, त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. पानभर लिहिलंय, आणि नुसतं 'एक गृहस्थ'.
युसूफला मेसेज केला. अजून उत्तर नाही. सरांचंही नाही.