सिरिल पिनकला आलेली पत्रं

४ एप्रिल १९५०
लंडनचं प्रदर्शन आटोपलं. उभं राहून पाय सुजलेत. नऊ ऑसिलोस्कोपची मागणी पक्की!
चार वर्षांपूर्वी सिरिल आणि मी बंद पडलेल्या धोबीखान्यात लष्कराच्या मोडीतले रडारचे भाग घेऊन बसलो होतो. आज मोठमोठे प्राध्यापक वाकून आमच्या पडद्यावरची, विजेची लहर दाखवणारी हिरवी रेघ बघतात. एकाने सिरिलला विचारलं, ही इतकी स्थिर कशी राहते? रचना सगळी त्याची, सांगणारही तोच. पण ‘ट-ट-ट’च्या पुढे गाडी सरकेना. प्राध्यापक घड्याळ बघायला लागले. मग मीच सांगितलं. ‘आम्ही’च्या ऐवजी ‘मी’ म्हणत गेलो. सिरिल शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

१२ एप्रिल
यंत्रावर लावायच्या पाटीचा नमुना आला. ‘ऑल्डक्रॉफ्ट’. माझं आडनाव, एवढंच. सिरिलला म्हटलं, दोन नावं मावत नाहीत.
“छ-छान दिसतंय, वॉल्टर. स्क्रू मात्र पितळी लाव. गंजत नाहीत.”
या माणसाला राग येत नाही. त्याचाच मला राग येतो.

३ मार्च १९५३
यंत्रांची आखणी तरुण पोरांकडे दिली. सिरिल दुरुस्तीच्या बाकावर. कागदोपत्री तो गेल्या वर्षापासून भागीदार नाही, नोकरच आहे. सही करताना त्याने कागद वाचलासुद्धा नाही.

९ नोव्हेंबर १९५५
गिऱ्हाइकांना जेवण दिलं. पुडिंग आल्यावर मी सिरिलची नक्कल केली – ‘ट-ट-ट्रान्सफॉर्मर’. एक जण हसता हसता खोकायला लागला. वळून बघतो तर सिरिल दारात, दोन्ही हातांत दुरुस्त केलेलं यंत्र. ते हळूच मेजावर ठेवलं आणि गेला.

१७ मे १९५६
दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रात सिरिल हाताने लिहिलेली चिठ्ठी घालतो, हे आज कळलं. काय बिघडलं होतं, का बिघडलं, पुढे काय जपायचं. आता प्रयोगशाळा त्यालाच पत्रं लिहितात. ‘यंत्र श्री. पिनक यांच्याच हाती द्यावे.’ माझी कंपनी, आणि माझ्याच टपालात माझं नाव नाही. ती पत्रं मी खणात टाकतो. त्याला देत नाही.

२१ जानेवारी १९५७
सिरिलला काढलं. तो म्हणाला, “ते अ‍ॅबरडीनचं यंत्र अर्धं उ-उघडं आहे. कुणी हात लावू नका म्हणावं.” बाकी काही नाही.

११ मार्च
पत्रं थांबत नाहीत. पिनक कुठे, पिनक कुठे. काढलं म्हणून कळवलं तर कामं थेट त्याच्या घरी जातील. दार लावून घेतलं आणि दोन बोटांनी अठरा पत्रं टाइप केली. ‘कळवण्यास अत्यंत खेद होतो, की श्री. पिनक आता हयात नाहीत.’
पहिलं पत्र पाकिटात घालण्याआधी तीनदा वाचलं. पाचव्यापासून नाही.

२८ मार्च
सांत्वनाची पत्रं आली – सिरिलच्या बायकोच्या, हिल्डाच्या नावाने. मी बघायच्या आत टपाल सांभाळणाऱ्या मिस ट्रँटरने गठ्ठा तिच्या घरी धाडूनही दिला. ट्रँटरला फैलावर घेतलं. “साहेब, पाकिटांवर बाईंचं नाव होतं. आपण कशी ठेवून घ्यायची?”

३० मार्च
सिरिल आला. कोट अंगात, गठ्ठा हातात. आता आरडाओरडा होणार म्हणून मी दार लावलं. तो बसला. एकेक पत्र उघडून माझ्यासमोर ठेवत गेला.
“इतकी माणसं मला ओ-ओळखत होती, वॉल्टर? तू कधी बोलला नाहीस.”
मी म्हटलं, कारकुनाची चूक झाली.
“मग त्यांना कळव, मी आहे म्हणून.”
“तूच लिही की.”
“आपण जिवंत आहोत असं आपणच क-कसं लिहायचं? तू कंपनीच्या कागदावर लिही. तुझं ऐकतील.”
पत्त्यांसाठी म्हणून पत्रं माझ्यापाशीच ठेवून गेला. जाताना आभार मानले!

१६ जून
बेकरीपाशी सिरिल भेटला. टोमॅटोची रोपं बाहेर काढून घरच्या काचघरात दुरुस्तीचा बाक मांडलाय म्हणाला.
“कुणाचं उ-उत्तर?”
“अजून नाही.”
“कामात असतील.”
पत्रं खणात आहेत. मी एकालाही लिहिलेलं नाही. आज लिहीन, उद्या लिहीन, असंही कधी मनात आलं नाही.

२ सप्टेंबर
हिल्डा कचेरीत आली. “हे रोज टपालवाला येईपर्यंत फाटकाशी उभे असतात. त्या लोकांना दोन ओळी खरडायला एवढं काय जड झालं हो?”
मी तिच्यासाठी चहा मागवला. म्हटलं, “लोक असेच असतात, हिल्डा. गरज सरली की विसरतात.”
तिने घरी जाऊन त्याला हेच सांगितलं असणार.

१४ फेब्रुवारी १९५८
सिरिलला पुरलं. न्यूमोनिया, सहा दिवस. पाद्रीबाबा, हिल्डा, तिची बहीण, मी.
हिल्डा चर्चच्या दारातून हलेना. “तुम्ही सगळ्यांना कळवलंत ना? लांबून येणारे असतील. थोडं थांबू या.”
ज्यांना कळवायचं, त्यांना मी गेल्या मार्चमध्येच कळवलं होतं.
अर्धा तास थांबलो. मीही रस्त्याकडे बघत होतो.