खांबामागची जागा

१४ मार्च १९२६, रविवार

आज मला खांबामागे बसवलं! लग्न होऊन आले तेव्हापासून मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते. पार्जेटर आला, चर्चचा वॉर्डन, म्हणजे कारभारी, हातातली काठी मिरवत — "आजीबाई, इथं आता नव्या डॉक्टरांचं कुटुंब बसेल. पाद्रीबाबांचा आवाज खणखणीत आहे, कुठूनही ऐकू येतो."

नाही येत. कान गेलेत. पुस्तक वाचायचं म्हटलं तर अक्षर कधी शिकलेच नाही. पाद्रीबाबांचे ओठ दिसले की मागोमाग प्रार्थना म्हणते. खांबाला कुठं ओठ असतात? सगळे गुडघ्यावर आणि मी एकटी उभी. डॉक्टरीणबाई वळून बघत होत्या.

सून मॉड लिहून घेतेय. "पार्जेटरला गाढव लिहू का?" विचारते. लिही म्हटलं. गाढवानं तक्रार केली तर बघू.

१७ मार्च

पाद्रीबाबांकडे गेले. "एक वॉर्डन मी नेमतो, दुसरा गाव निवडतं. पार्जेटर गावाचा. जागा देणं त्याच्याकडे. मी मध्ये पडणार नाही." चहा दिला. तोही बिनकण्याचा.

२१ मार्च, रविवार

पुन्हा खांब.

३० मार्च

गावाचा वॉर्डन, तर गाव म्हणजे कोण? मॉडनं विचारून आणलं — ज्याचं नाव इथल्या मतदारयादीत, त्याला हात वर करता येतो. चर्चला येवो न येवो. आणि पार्जेटर दर ईस्टरला चार दोस्तांच्या हातांवर निवडून येतो!

टोबायस लोहाराला गाठलं. त्याच्या लोकांचा पंथ वेगळा, प्रार्थनेचं चॅपलही वेगळं, आमच्या चर्चची पायरी चढत नाहीत.

"म्हातारे, तुमच्या घरच्या भांडणात आम्ही कशाला?"

"पार्जेटरला पडताना बघायला."

लगेच टोपी शोधायला लागला. निवडणुकीची सभा पुढच्या आठवड्यात म्हटलं, बस खाली.

६ एप्रिल

अख्खं चॅपल आलं. खुर्च्या पुरल्या नाहीत. पार्जेटर ओरडला, "यांचा काय संबंध?" पाद्रीबाबा जमिनीकडे बघत म्हणाले (मॉडनं नंतर सांगितलं), "आहे."

माझा रूबेन निवडून आला. त्याला नको होतं. "आई, मला गाईंचं बघायचं असतं." गप बस म्हटलं, आईचं बघ.

९ मे, रविवार

रूबेननं परवा शपथ घेतली. आज मी नवी टोपी घालून थेट दुसऱ्या बाकाकडे निघाले. काठी आडवी आली.

"आई, तू खांबामागेच. वॉर्डननं स्वतःच्या आईला पुढं बसवलं तर गाव काय म्हणेल?"

पुढच्या ईस्टरला माझा हात पार्जेटरला.