बांधावरचा तंबू

७ जानेवारी १९९६, रविवार, संध्याकाळ

उद्या निघणार. जालना ते कन्याकुमारी. सायकलवर, एकटा, रोज नवा मुक्काम, स्वतःचा तंबू. सोबत कुणीही नको. माणसांचा मला वीट आलाय.

कंपनीत सांगून टाकलं. बियाण्याच्या गोडाऊनवर मी जन्म घालवला आणि सुपरवायझर केलं कुणाला, तर परवा आलेल्या पुखराजला. त्याच्याच टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कारण : कन्याकुमारी. वाटलं, उठून उभा राहील. नुसतं 'बराबर' म्हणाला आणि सही केली. जळतो.

घरी बायकोला, उषालाही स्पष्ट सांगितलं, कन्याकुमारी झाल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. ती तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, स्वेटर घेऊन जा. वरून शांत. आतून हादरली असणार.

तंबू स्वतः तयार केलाय. ताडपत्री, बांबू, सुतळी. लोहाराकडून लोखंडी खुंट्या करून घेतल्या आणि त्यांना लाल रंग दिला, गवतात हरवू नयेत म्हणून. याला प्लॅनिंग म्हणतात. पुखराजला जन्मात जमायचं नाही.

८ जानेवारी, सोमवार, सकाळ

पहाटे निघायचं होतं. पण पहाटे थंडी होती आणि थंडीत स्नायू आखडतात. म्हणून चहा घेऊन, पोहे खाऊन, ऊन पडल्यावर निघालो. निरोपाला गल्लीत कुणी नव्हतं. शेजाऱ्यांना मुद्दाम आदल्या दिवशी सांगितलं होतं, तरी. नोंद करून ठेवतो.

आज मंठ्याला मुक्काम. जेवायच्या आत पोचेन.

मंठा रोड, जरा वेळाने

वारा समोरून. मी वळलो की वाराही वळतो. या जिल्ह्यात माझ्या बाजूने काहीच नाही.

एसटी मागून आली, इतकी जवळून की मी कडेच्या खड्ड्यात उतरलो. कंडक्टरने दारातून विचारलं, काका, सायकल टपावर टाकायची का? मी उत्तर दिलं नाही. अशा लोकांना उत्तर म्हणजे किंमत देणं. बस गेल्यावर मात्र बरंच सुचलं.

दुपारच्या आधी

पुढचं चाक पंक्चर. बाभळीचा काटा. सोल्युशन आहे, पॅच आहे, पंप घरी आहे. पंप मी काढून दाराशी ठेवला होता. तो उषाने सायकलला लावायला नको होता का?

सायकल ढकलत एका फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. तिथं पंप मिळाला. हॉटेलवाल्याने विचारलं, कुठं चालले? म्हटलं, कन्याकुमारी. तो म्हणाला, "तिथं कोण हाय तुमचं?" म्हटलं, कुणी नाही. "मंग कामून जाऊन राह्यले?" बाकावर बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मला उत्तर येतच नाही. चहा अर्धा टाकून उठलो. चहा चांगला होता, हे त्याला कळू दिलं नाही.

दुपार

गुडघे संपावर. मंठा अजून कुठंच दिसत नाही. दगडावरचे आकडे चुकीचे असावेत.

शांतपणे विचार केला. मोठे प्रवासी पहिल्या दिवशी मुद्दाम कमी अंतर कापतात. तेव्हा मुक्काम इथंच. मंठा उद्या. गावाचं नाव लिहीत नाही. त्याला फुकटची प्रसिद्धी कशाला?

जागा मात्र उत्तम सापडली. एका बाजूला ज्वारी, एका बाजूला हरभरा, मधून उंचवट्याची सपाट पट्टी आणि तिच्यावर लिंबाचं झाड. इतकी चांगली जागा रिकामी पडलेली आणि गावात एकालाही तिचा उपयोग सुचलेला नाही. मधोमध एक चुना फासलेला दगड रोवलेला होता. झोपताना पाठीला लागला असता. हलवून हलवून उपटला. पहार नसताना. स्टॅमिना आहे माझ्यात. त्याच्यावर स्टोव्ह ठेवलाय.

खुंट्या ठोकल्या. एका ओळीत, लाल, लांबून दिसतील अशा. तंबू उभा. मी आत. डाव्या बाजूने जरा वाकलाय, पण माझा आहे. इथं मला कुणी काही विचारणार नाही. बऱ्याच दिवसांनी छातीत मोकळं वाटून राह्यलंय.

तिसरा प्रहर

खिचडी शिजते आहे. ज्वारीतून एक माणूस आणि बाई पळत येताना दिसतात. बातमी गावात पोचली वाटतं. सत्कार वगैरे असला तर नको म्हणणार. एकदा.

नंतर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत

अक्षर हलतंय ते ट्रॉलीमुळे. मी शांत आहे.

सत्कार नव्हता. तो कारभारी नावाचा शेतकरी आणि त्याची बायको पुष्पाबाई. आल्या आल्या विचारलं, "कोण पाठिवलं तुला? रामरावनं?" मी म्हटलं, मी स्वयंप्रेरणेने आलो आहे. त्याने खुंट्यांकडे बोट केलं. "मोजणीचा माणूस हायेस. चोरून मोजणी करून राह्यला." मी हसलो. हसायला नको होतं.

तेवढ्यात हरभऱ्यातून दुसरा आला, हातात कोयता. तो रामराव. कारभारीचा सख्खा भाऊ. त्याने विचारलं, "कारभाऱ्यानं आणलं का तुला?" दोघं माझ्याशी बोलत होते, एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. पुष्पाबाईकडून कळलं की बाप गेल्यापासून भावाभावांत बोलणं नाही. आणि मी ज्याच्यावर तंबू ठोकला तो त्यांचा बांध. त्याच्यावरूनच सगळं.

मग रामरावने विचारलं, हद्दीचा दगड कुठंय?

मी स्टोव्ह दाखवला.

खरं सांगून टाकलं, पाठीला लागणार होता म्हणून उपटला. मी खोटं बोलत नाही. दोघांनी स्टोव्हखालच्या दगडाकडे बघितलं. खिचडी तेवढी खदखदत होती. मग कारभारीने भावाकडे वळून विचारलं, "दगड कुठं होता रे?" रामराव म्हणाला, झाडाच्या अलीकडं. कारभारी म्हणाला, पलीकडं. आणि दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. बापाच्या आजारपणात कोण आलं नव्हतं, इथपर्यंत गेले.

मी मध्ये पडलो. भावाभावांनी एकीने राहावं, जमीन कुणी वर नेत नाही, असं दोन शब्दांत सांगितलं. सुरुवात चांगली झाली होती. तेवढ्यात दोघं एकदम माझ्याकडे वळले.

कारभारीची काठी पुढच्या चाकात गेली. रामरावने एका फटक्यात ताडपत्री फाडली. खिचडी लवंडली. मी हरभऱ्यात बसलो. बसलो म्हणजे ढकलला गेलो. कोयता फार जवळ होता. मी हात जोडून म्हणालो की मी साधा गोडाऊनचा क्लार्क आहे, मला कुठंच जायचं नाही, माझी बायको वाट बघत असेल. बायकोचा उल्लेख केवळ धोरण म्हणून. डोळ्यांत पाणी आलं ते स्टोव्हच्या धुराने. स्टोव्ह विझला होता हे खरं, पण धूर राहतो.

पुष्पाबाईनेच नवऱ्याचा हात धरला. म्हणाली, "सोडा त्याला. याड लागलंय माणसाला." मग मला म्हणाली, "असा एकलाच फिरता. घरी कोणी बोलत न्हाई का तुमच्याशी?" या प्रश्नाचा तिथं काय संबंध होता, मला अजून कळलेलं नाही.

पोलीस पाटील अण्णासाहेब आले. नाव विचारलं. बद्रीनाथ. गाव? जालना. दगड कुठून काढला ते दाखवा म्हणाले. मी दाखवलं. नक्की? मी जरा विचार करून दुसरीकडे दाखवलं. दोन्ही भाऊ परत ओरडायला लागले, पण या वेळी दोघं मिळून, माझ्यावर. पाटील म्हणाले, आता सरकारी मोजणी आणल्याबिगर इलाज न्हाई, दोघंबी सह्या करा. आणि दोघं चक्क 'हो' म्हणाले. वर्षानुवर्षांचं भांडण मी एका दुपारी मार्गी लावलं. आभार कुणी मानले नाहीत.

कापूस भरलेला ट्रॅक्टर जालन्याला निघाला होता. पाटलांनी मला त्यात बसायला सांगितलं आणि परत या शिवारात दिसू नका म्हणाले. सायकल चढवायला एका बाजूने कारभारी, एका बाजूने रामराव. "हं, उचल." "तू धर बराबर." "धरलीय मी." मी कापसावर बसून बघत होतो. ट्रॅक्टर हलला तेव्हा दोघं बांधावर उकिडवे बसले होते, आणि रामरावने तंबाखूची पुडी पुढे केली. मला विचारलं नाही.

८ जानेवारी, घर

हे अपयश नव्हे. उपकरणांचं अपयश आहे. मार्चमध्ये पुन्हा निघणार, दुसऱ्या रस्त्याने, भोकरदनकडून. तिकडची माणसं बरी असतील.

उषाला काय सांगायचं ते ट्रॉलीत पाठ केलं होतं. पुढं पूल खचलाय, सरकारने रस्ता बंद केलाय, प्रवाशांना परत पाठवून राह्यले. मोडलेली सायकल भिंतीला लावली आणि सुरुवात केली. ती चुलीपाशी होती. म्हणाली, हातपाय धुऊन घ्या, केसांत कापूस हाय.

आत गेलो तर दोन ताटं मांडलेली. मी विचारलं, दुसरं कुणाचं? म्हणाली, तुमचं. मी म्हटलं, सकाळीच मी कायमचा निघालो होतो ना? ती म्हणाली, "मंग? पीठ मी रोजच्याएवढंच मळलं."

याच्याइतका अपमान आजच्या दिवसात कुणी केला नाही. त्या दोघांनीसुद्धा नाही. मला भयंकर राग आला. रागारागात दोन भाकरी खाल्ल्या. तिला अडचणीत आणायचं म्हणून तिसरी मागितली.

तीही होती.