पत्ता बदलल्याची वर्दी

टॅलो फोर्क,
शनिवार, ३ एप्रिल २०१०

ती. ड्रीमाताईस,
डेन्झिलचा नमस्कार, वि. वि.

या डोंगराच्या बेचक्यात फोन लागत नाही, म्हणून पत्र. मी जागचा हललेलो नाही, पण माझा पत्ता हललाय. गुरुवारी काउंटीचा माणूस आला आणि रस्त्यावरच्या खांबाला हिरवी पाटी ठोकून गेला. आईचं घर आता टपालाचा रूट दोन, पेटी एकशे चौदा राहिलं नाही. ८१७, सॉरवुड लेन झालं. म्हणे अँब्युलन्सला घर पटकन सापडावं. आई गेली त्या दिवशी अँब्युलन्स पाऊण तास खालच्या पुलापाशी घिरट्या घालत होती, तेव्हा कुणाला हे सुचलं नाही.

तुरुंगातून सुटल्यापासून, पत्ता बदलला की मला दहा कामाच्या दिवसांत स्वतः चौकीत जाऊन वर्दी द्यावी लागते, हे तुलाही एव्हाना पाठ झालंय. काल गेलो होतो. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, काउंटीचं पत्र आणल्याशिवाय नवा पत्ता कॉम्प्युटरात चढत नाही. पत्र घराच्या मालकाला गेलंय, म्हणजे तुला. पंधरा तारखेच्या गुरुवारी मुदत संपते. आईच्या आजारपणात मला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा जजसाहेबांनी बजावलं होतं की पुन्हा चुकलास तर दहा वर्षं आत. मी एकोणपन्नासचा आहे, ताई. तेवढं पत्र पाठव.

उद्या ईस्टर. तू हॅम करशील, मी बीन्स आणि मक्याचा पाव. रानलसूण वर आलीय, तुझ्यासाठी पिशवीभर काढून ठेवलीय. पण खाऊन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाऊ नकोस, पोरं वासानंच पळतील.

लोभ शिल्लक असेल तेवढा असू दे.
तुझा,
डेन्झिल

*

टॅलो फोर्क,
शनिवार, १० एप्रिल

ती. ताईस, नमस्कार वि. वि.

मागचं पत्र पोचलं का? टपालवाल्या हार्लेसला रोज विचारतो. तो म्हणतो, आख्ख्या खोऱ्यात सगळ्यांना काउंटीची पत्रं मार्चमध्येच आली. शुक्रवारी पुन्हा चौकीत गेलो. बाई चिडल्या नाहीत, पण पत्राशिवाय काही होणार नाही, हेच पुन्हा म्हणाल्या.

तुझी तब्येत बरी नाही का? की माझं काही चुकलं? चुकलं असेल तर नंतर हवं तेवढं बोल, पण आधी तो कागद पाठव. आता कामाचे चारच दिवस उरलेत. रात्री झोप नाही.

ओरडलीस तरी चालेल, गप्प राहू नकोस.
डेन्झिल

*

ब्रॅडिश,
सोमवार, १२ एप्रिल

चि. डेन्झिल यास,
ताईचे आशीर्वाद.

तब्येत धडधाकट आहे. काउंटीचं पत्र बावीस मार्चपासून माझ्याकडे आहे. मी ते उघडलं, वाचलं, आणि चमच्यांच्या खणात ठेवून दिलं. विसरले नव्हते. तुझी दोन्ही पत्रं आली त्या दिवशीच वाचली.

आता खरं सांगते, बस आणि वाच. टेकडीपलीकडचे लँबर्ट आईचं घर विकत मागताहेत. मला ते विकायचंय. तू तिथे असेपर्यंत विकता येत नाही, कारण मी तुला बाहेर काढलं असं मला म्हणवून घ्यायचं नाही. मग डोक्यात आलं, की तारीख हुकली तर तू आपोआप आत जाशील आणि माझ्यावर काही येणार नाही. असं मी तीन आठवडे मनात धरलं. रोज मुलांना दूध वाढत होते आणि मनात हे होतं.

मी थकले रे. तू चर्चची बस चालवायचास आणि मी गावभर सांगायचे की माझ्या भावासारखा देवमाणूस नाही. करिसा त्याच बसनं यायची, तेरा वर्षांची होती, आणि तू तिच्या अंगाला हात लावलास. तिची आई ओपल माझ्या शेजारी बसून प्रार्थना म्हणायची. तू अकरा वर्षं आत होतास, बाहेर मी होते. दुकानात लोक माझ्यामागून निघून दुसऱ्या रांगेत जायचे. ते तुला कधी लिहिलं नाही, आज लिहिते.

तरी तारीख जवळ आली तसा रोज खण उघडून तो कागद बघायला लागले. कागद टपालात टाकत नाही, आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. गुरुवारी सकाळी नऊला चौकीपाशी ये, मी घेऊन येते. उशीर कशामुळे झाला, तेही बाईंना मीच सांगेन.

आशीर्वाद द्यायचा की नाही याचा विचार केला, शेवटी दिलाय.
ताई

*

ब्रॅडिश,
रविवार, २ मे

चि. डेन्झिलास आशीर्वाद.

चौकीतलं काम झालं, मुदतीत झालं, तू निसटलास. मला वाटलं, आता वर्षभर तरी या पत्त्याचं नाव नको. पण काल दुकानात ओपल भेटली. सोळा वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःहून माझ्याजवळ आली.

चौकीतल्या तुझ्या नोंदीत काही बदललं की करिसाच्या फोनवर आपोआप निरोप जातो. पंधरा तारखेला ती कामावर असताना गेला, की या इसमाचा पत्ता बदलला आहे. तिनं नवा पत्ता शोधला, तर सॉरवुड लेन. हे नाव महिन्याभरापूर्वी अस्तित्वातच नव्हतं. कुणाला विचारलं तरी ठाऊक नाही. तिला वाटलं, तू तिच्या घरामागेच राहायला आलास. दोन्ही पोरांना शाळेतून उचललं आणि तशीच ओहायोत सासरी निघून गेली. पाच दिवस तिथे. करिसाच्या लेकीला कुणी विचारलं तर ती सांगायची, आजीला भेटायला आलोय.

मी ओपलला सांगितलं, की तो तिथेच आहे, फक्त पाटी बदलली. ती म्हणाली, हे आम्हाला कोण सांगणार होतं? तिचा आवाज चढला नव्हता, डेन्झिल. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी टोपली तिथेच ठेवून घरी आले.

तुझी दया येते ती अशा वेळी कुठल्या कुठे जाते. हे तुला कळावं म्हणून लिहिलं.
ताई

*

टॅलो फोर्क,
शनिवार, ८ मे

ती. ताईस, नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मी त्या दिवशी चौकीतून सुटल्यासारखा बाहेर पडलो होतो. वाटेत हॉटेलात थांबून अ‍ॅपल-पाय मागवला, सबंध खाल्ला. त्याच तासाला ती पोरांना गाडीत घालत होती.

घर विकून टाक. हे रागानं लिहीत नाही. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला लाकडाच्या गिरणीत काम मिळतंय, वर एक खोलीही देतात. आसपास शाळा नाही, वस्ती नाही. एक जूनला जातो. म्हणजे तिथल्या चौकीत वर्दी द्यायला मला पंधरा जूनपर्यंत सवड आहे. त्या दिवसांतला कुठलाही दिवस मला चालतो.

मला करिसाशी किंवा ओपलशी बोलायची मनाई आहे, आणि ती असावी. पण तुला नाही. एवढं एक काम कर. ओपलकडे जा आणि सांग, की फोनवर पुन्हा निरोप येणार आहे, तो दूर चाललाय म्हणून येणार आहे, सव्वादोनशे मैल. आणि कुठल्या दिवशी यावा ते करिसानं ठरवावं. ती म्हणेल त्या दिवशी मी खिडकीपाशी जाईन. ओपलनं दार लावून घेतलं तर पुन्हा ठोठावू नकोस.

तुला हे सांगायला पाठवतोय, याबद्दल क्षमा असावी.
डेन्झिल

*

ब्रॅडिश,
रविवार, २३ मे

चि. डेन्झिलास आशीर्वाद.

तीनदा ओपलच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आले, चौथ्यांदा दार वाजवलं. तिनं आत घेतलं नाही. पायरीवर उभ्या उभ्या ऐकलं आणि विचारते म्हणाली. पुढे आठवडाभर काही नाही. परवा शाळा सुटताना स्वयंपाकघराच्या मागच्या दारी आली, हातात करिसाची चिठ्ठी.

बुधवार, नऊ जून, सकाळी दहानंतर. त्या दिवशी करिसाच्या नवऱ्याला सुट्टी आहे आणि पोरं ओपलकडे असतील. निरोप येईल तेव्हा तिला एकटीनं तो वाचायचा नाही. तारीख दिली म्हणजे आणखी काही दिलं असं तू समजू नयेस, हेही तिनं लिहिलंय. माफीचा निरोप पाठवायचा नाही.

लँबर्टना मी होकार कळवलाय. आईच्या बिडाच्या तव्यांची, भांड्यांची काळजी करू नकोस, मी बघते.

तुझी सवय मला ठाऊक आहे, मुदत म्हटली की तू पहाटेच दाराशी जाऊन उभा राहतोस. या वेळी तसं करू नकोस. खिडकी आठला उघडेल. तू दहा वाजेपर्यंत बाहेर गाडीतच बसून राहा.

माया आहे, नाही म्हणायचा प्रयत्न करून पाहिला.
तुझी ताई,
ड्रीमा