बगळ्याची मान

१९ जून, गुरुवार

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. साष्टांग लिहायचं असतं हे ठाऊक आहे, पण या वेळी नुसताच घे. वहिनीला मात्र मनापासून नमस्कार. पत्र तिच्यासमोर वाच, मोठ्याने वाच, आणि मधली वाक्यं गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे. बाबांना एवढ्यात दाखवू नकोस. का, ते शेवटी कळेल.

माझी तब्येत बरी आहे. अक्षर आहे तसंच आहे, सांभाळून घे. शाळेत टिकलो तेवढ्यात जे आलं तेच. काम शोभेच्या वस्तूंच्या कारखान्यात. तू मागे विचारलं होतंस, तिथे नक्की काय बनवतोस? मी उत्तर दिलं नाही, कारण बाबा वाचतील आणि हसतील असं वाटलं. आता सांगतो. आम्ही रेझिन ओततो. म्हणजे पाकासारखं एक रसायन, साच्यात ओतलं की दगडासारखं होतं. त्यात संगमरवराची पूड मिसळली की संगमरवरी हत्ती, कांस्याची पूड मिसळली की कांस्याची नर्तकी. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर सोनं निघतं. खोलीत चौघे राहतो, चौघांच्या उशा चमकतात. मामा म्हणतो, "मी मेलो की जाळू नका रे, पॉलिश मारा आणि खोक्यात भरा." मामा म्हणजे आमचा साचेवाला. कुणाचाच मामा नाही, पण मालकही त्याला मामाच म्हणतो.

मला या कामाची लाज नव्हती, दादा. खोक्यावर लिहिलेलं असतं, रेझिन. बारीक अक्षरात का होईना. घेणाऱ्याला वाचायचं नसेल तर तो जाणे.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तू लिहिलंस, बाबांचा शिंगाचा बगळा मोठ्या प्रदर्शनात मागवलाय, काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, बाबा खूश आहेत, रोज विचारतात तो परत कधी येणार. मी ते पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. छाती फुगवून! म्हशीचं शिंग कसं कोरतात, तापवून मान कशी वळवतात, सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "बघायला पाहिजे एकदा तुमचा तो बगळा."

गेल्या सोमवारी त्याने बघितला.

दलालाचा माणूस आला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी मालकाच्या टेबलावर ठेवून गेला. कापड मी आधी ओळखलं. निळ्या फुलांचं, आपल्या मधल्या खोलीच्या जुन्या पडद्याचं. मग मालकाने ते उलगडलं आणि माझ्या हातातला ब्रश हातातच राहिला.

"काम झकास आहे," मालक म्हणाला, "पण डोळा चुकलाय बघ. डावा खाली आलाय. ते भोक लांबीने बुजवून सरळ कर आणि मग मामाकडे दे."

कुणाला म्हणाला? मला!

तो डोळा कुणी पाडला ते तुला माहीत आहे. बाबांनी माझ्या हातात गिरमिट दिलं आणि मी भोक खाली पाडलं. तू पोट धरून हसलास. मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "राहू दे, राहू दे. हा पाण्यातला मासा बघतोय." त्यानंतर किती गिऱ्हाइकांनी मागितला, पण तो बगळा त्यांनी विकला नाही.

मी विचारलं, "हा आला कुठून?"

"आहे एक दुकानदार. बापाची कारागिरी आहे. म्हाताऱ्याचे हात आता थरथरतात, म्हणून रेझिनमध्ये काढून हवाय, शिंगाच्या रंगात. खोक्यावर रेझिन लिहू नका म्हणतो. म्हाताऱ्याचं नाव टाका, आणि खाली 'हाताने कोरलेलं'."

"आणि त्या म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे?"

"तुला काय करायचंय?"

बरोबर आहे. मला काय करायचंय? मी घर सोडल्यापासून तूही हेच ऐकवतोस. "तू पळालास ना, मग आता घरातलं विचारू नकोस." पळालो तर पळालो. पण जाताना बाबांचं नाव खिशात घालून नाही नेलं.

दलालाला देताना तो कुठे देणार एवढं तरी विचारायचंस! या एका गल्लीत आमच्यासारखे कारखाने भिंतीला भिंत लावून उभे आहेत. कुठेही गेला असता. आला तो माझ्याच हातात.

तू काय म्हणशील ते मला इथे बसून ऐकू येतंय. दुकानाच्या फळ्या रिकाम्या पडल्यात, बाबांच्या हातून आता साधा कंगवासुद्धा होत नाही, लोकांना फरक कळत नाही, घर काय हवेवर चालतं का. सगळं खरं असेल. मग रेझिनचे बगळे रेझिनचे म्हणून विकायचेस की! मला एक ओळ लिहिली असतीस तर मी स्वतः ओतून पाठवले असते, डोळा खाली ठेवून. पण तू बाबांना प्रदर्शन सांगितलंस. ते काचेच्या पेटीची वाट बघतायत आणि इकडे त्यांच्या नावाची खोकी छापायला जातायत. ते बगळे दुकानात मांडणार कुठे होतास? बाबा डोळे मिटून बोटाने सांगतात, हे शिंग, हे हाड, हे लाकूड. त्यातला एक त्यांनी उचलला असता तर? त्यांचंच नाव लिहिलेला? तेव्हा काय सांगणार होतास रे?

इथपर्यंत लिहून उठलो. पाणी प्यालो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. पुढचं लिहायचं टाळतोय, हे माझं मलाच कळतंय.

मी लांबी भरली नाही. बगळा तसाच मामाकडे नेला. साच्याचं रबर ओतण्याआधी आमच्याकडे नमुन्यावर पातळ लेप देतात आणि भट्टीत सुकवतात. लाकूड असो, माती असो, सगळ्याला तेच. मामाने बगळा हातात फिरवला आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "अरे, हे शिंग ना? तू सांगत होतास तोच हा? भट्टीत चालेल ना रे?"

मी म्हटलं, "चालेल."

आई होती तेव्हा बगळा शेगडीजवळच्या फळीवर ठेवला की बाबा तिच्यावर ओरडायचे, आठवतं? शिंग कितीही वळवा, ते आपला पहिला बाक विसरत नाही. पुन्हा ताव लागला की तिकडेच जातं. मला ते आठवत होतं. मामाने विचारलं तेव्हाही आठवत होतं.

भट्टीच्या काचेतून बघत उभा राहिलो. आधी मान नुसती हलल्यासारखी वाटली. मग हळूहळू उघडत गेली, कुणीतरी हाक मारावी आणि त्याने वर बघावं तशी. चोच छताकडे गेली. मासा दिसेनासा झाला. बाबांनी निखाऱ्यावर धरून, बोटं भाजत, थंड होईपर्यंत न सोडलेली ती मान. दार माझ्या हाताशी होतं. मी उघडलं नाही.

चुकून झालं नाही, दादा. मी केलं. साचा होऊ नये म्हणून केलं, असं मी मामाला सांगितलं, मालकालाही सांगितलं. तुला खरं सांगतो. तुझं तोंड डोळ्यांसमोर होतं आणि मला काहीतरी मोडायचं होतं. तू समोर नव्हतास. बगळा होता.

मामा सगळं स्वतःवर घेत होता. "माझ्याकडून झालं, मालक, मीच आत ठेवला." ते मला ऐकवेना, मी मधे पडलो, बगळा आमच्याच घरचा आहे तेही सांगितलं. मालकाने जागच्या जागी मला काढलं. "आणि ही तुझी काठीही घेऊन जा," सरळ झालेला बगळा माझ्याकडे ढकलत म्हणाला. शिव्यांचं काही वाटलं नाही. मामाने मात्र ते निळं कापड झाडलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

हे पत्र तुला पोचेपर्यंत मी इथेच थांबतो, मग निघतो. बगळा पिशवीत आहे. तो मी बाबांच्या पुढ्यात ठेवणार आणि मी काय केलं ते माझ्या तोंडाने सांगणार. तू काय केलंस ते मी सांगणार नाही. ते तुझं तू, मी पोचायच्या आत. प्रदर्शनाचं, खोक्यांचं, नावाचं, सगळं. वहिनी, हे ऐकते आहेस ना? त्याला मागे सरू देऊ नकोस. मी दारात आलो आणि बाबांनी विचारलं, "काय रे, प्रदर्शन बघून आलास का?" तर दादा, तू बोलला नाहीस हे मला कळेल. मग मी काय बोलेन त्याचा भरवसा मीही देत नाही.

शेगडी पेटवून ठेव. निखारे चांगले लाल हवेत, आणि वाटीत तेल. मान पुन्हा वळेल की तडकेल, मला माहीत नाही. बाबांनाही माहीत असेल का कोण जाणे. पण ताव कधी पुरला हे तेच सांगतील, आणि हात थरथरतात म्हणून धरायचं आपण. चोचीकडून एकाने, पायांकडून एकाने, आणि थंड होईपर्यंत सोडायचं नाही. भाजलं तरी नाही. चोच मी धरतो. दुसरं टोक रिकामं ठेवलंय. तू येणार नसशील तर वहिनी धरेल, पण मला ती धरायला नकोय.

तुझ्यावर इतका चिडलेला की घरी येतोय,
तुझा धाकटा

ता. क. डोळ्याला कुणी हात लावायचा नाही.