बोल्टाचे दोन आटे

प्रिय सौम्या,

त्या अमावास्येच्या सकाळी सुट्टीमुळं माग बंद होता. मी तो नेहमीसारखा पुसला, हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. तू आप्पांना घेऊन देवळात गेली होतीस. आदल्या दिवशीच तू आडवा धागा नेणारा धोटा फेकतो तो दांडा दुरुस्त केला होतास. त्याआधी मी चार दिवस माग दुरुस्त करणाऱ्या यल्लाप्पा जॉबरला फोन लावत होतो. तू चिकोडीहून आलीस, ओढणी कमरेला खोचलीस आणि तासाभरात माग चालू केलास. आप्पा म्हणाले, ‘अगदी माझा हात हाय गं तुला.’ मला जेवण गेलं नाही.

मी त्यांचा पोटचा पोरगा, पण पंधरा वर्षांचा असताना त्यांचा पाना उचलला, तर त्यांनी काढून घेतला होता. ‘तू शाळा शीक. तेलकट हातानं पुस्तक धरू नगंस.’ त्यांना मला कारकून करायचं होतं. मी ना कारकून झालो, ना कारागीर. तीस वर्षं माग चालवला, पण तो अडला की उंबऱ्यात उभं राहून यल्लाप्पाची वाट बघायची. तुला मात्र त्यांनी सातव्या वर्षापासून मागाखाली शेजारी बसवलं, कुठला आवाज कशाचा ते शिकवलं. बापाला लेकीचा हेवा वाटतो हे लिहायला हात धजत नाही. पण वाटत होता. देवापुढं बसल्यावरही वाटत होता.

उदबत्ती लावून झाल्यावर मी खाली वाकलो आणि तू बसवलेला बोल्ट दोन आटे सैल केला. माग नुसता अडेल, तुझं थोडं हसं होईल, एवढंच मनात होतं. ज्याला दुरुस्ती येत नाही, त्याला बिघाड तरी कुठं बेतानं करता येतो?

दुसऱ्या दिवशी माग सुरू केला आणि धोटा उडाला. आप्पांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. तू बोल्टाला हात लावलास, एकदा माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, ‘माझ्याकडनंच सैल ऱ्हायला असंल, आप्पा.’ केवढे भडकले ते! ‘डिप्लोमा केलास म्हंजी शानी झालीस व्हय? डोळा गेला असता माझा!’ मी तिथंच होतो. तोंड उघडलं नाही. तू चिकोडीची बस धरलीस, त्याला दोन महिने झाले. फोनवर तू न येण्याला कामाचं कारण सांगतेस आणि मीही बरं म्हणतो.

काल आप्पांनी पान्यांची पेटी बाहेर काढली. ‘यल्लाप्पाला देतो. पोरगीचं ध्यान न्हाय आता.’ रात्रभर डोळा लागला नाही. ती पेटी आपल्याला मिळावी म्हणून मी आयुष्यभर जळलो. पण माझ्यामुळं ती तुझ्या हातून जाणार, हे सोसेना. आज सकाळी पूजा आटोपली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘पाना लावलातास, का पक्कड?’ मी म्हणालो, पक्कड. ‘तरीच बोल्टाच्या कडा खाल्ल्यात. पोरगी पक्कड कधी लावत न्हाय, हे माझ्या ध्यानात याया पायजे हुतं.’ मला रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पेटी तुझी आहे, असं त्यांनी सांगितलंय. तुझ्यासमोर उभं राहून बोलायचा धीर नाही, म्हणून बसस्टँडवर बसून हे लिहितोय. चिकोडीची गाडी लागलीय. पेटी मीच डोक्यावरून आणली आणि कंडक्टरच्या सीटखाली ठेवलीय; ही चिठ्ठी त्याच्याच हाती देतो, तो दोन्ही तुला पोचवील.

तुझाच,
अण्णा