राजा चोराला सोडतो

आई,

वाकून नमस्कार. वेळेवर जेवतो, काळजी नको. कॉलेज सोडलं म्हणून बाबा अजून धुमसतायत का?

इथल्या केंद्रात बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं नाटक बसवताना माझं डोकं फिरलंय. प्रयोग रविवारी. राजाने चोराला कोठडीत टाकलं तरच गोष्ट पुढे सरकते. पण आमचा पन्नाशीचा राजा दर तालमीला त्याला मिठी मारून सोडून देतो.

काल मी ओरडलोच. राजा म्हणाला, "तो रडतोय."

"अहो काका, खोटं रडतोय."

"मग मी खोटं सोडतो."

केंद्रात गाणं शिकवणारी एक मुलगी आहे, ती इतकी गोड हसली, की मला धड रागावताही येईना. आता सुटलेल्या चोराची गोष्ट नव्याने लिहायचीय. ती म्हणते, दोघं मिळून लिहू. त्यामुळे इतक्यात घरी येणं जमणार नाही. बाबांना फक्त काम वाढलंय म्हणून सांग.

तुझा,
तापट